सामान्य नागरिकाचं सोंग

आश्रुबा रायरंदानं उभ्या हयातीत किती सोंगं घेतली हे त्यालाही सांगता आलं नसतं. तो फौजदार झाला, तलाठी झाला, लग्नात रुसलेली नवरीची आई झाला, सुई घेऊन पोरांच्या मागं लागणारा डॉक्टर झाला. एकदा कडा गावाच्या बाजूला त्यानं ऊसतोडीचा मुकादम इतका हुबेहूब उभा केला, की तोडणीवाल्या नवरा-बायकोच्या दोन जोड्या कोयते आणि अंथरुणं घेऊन त्याच्या मागं चालू लागल्या. त्यांना माघारी धाडायला त्याला भर रस्त्यात पटका काढून आणि डोळ्यावरचा चष्मा उतरवून दाखवावा लागला.

रायरंद म्हणजे बहुरूपी. गावात पंधरा दिवस मुक्काम टाकायचा, रोज नवं सोंग घेऊन दारोदार हिंडायचं, माणसाला आधी घाबरवायचं आणि मग हसवायचं, हा त्याच्या घराण्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. आता साठी उलटली होती आणि गुडघे कुरकुरत होते. पण आवाजात अजून अशी जरब होती, की तो फौजदार होऊन ओट्यावर चढला की निम्मी माणसं मागच्या दारानं निघत.

सोंग तो घ्यायचा, पण ते रचायची त्याची बायको चंद्रभागाबाई. टोपीचा पत्र्याचा बिल्ला तिनं कापलेला, नवरीच्या आईच्या पदराचा काठ तिनं शिवलेला. तालीमही तिच्यासमोर व्हायची. तिला हसू आलं नाही तर ते सोंग घराबाहेर पडत नसे, आणि तिला सहसा हसू येत नसे.

दोघं बेलसुंब्याला राहायची. शिरूर कासारच्या अंगाचं हे गाव तिकडच्यासारखंच कोरडं. दसरा झाला की निम्म्या घरांना कुलपं लागायची आणि माणसं साखर कारखान्यांच्या वाटेला लागायची. नगरपंचायत होऊन दहा-बारा वर्षं झाली, तरी बेलसुंब्याला शहर म्हणायची सवय काही कुणाला लागेना. म्हणून नगरपंचायतीनं वेशीवर कमान बांधली आणि तिच्यावर ठळक अक्षरांत ‘बेलसुंबा शहर’ असं लिहून घेतलं. तेवढ्यानंही भागलं नाही, तेव्हा कुठल्याशा योजनेतून तीन दिवसांचा शहर कला महोत्सव मंजूर करून आणला. योजनेची अट अशी होती, की महोत्सवात किमान दहा पथकलाकार पाहिजेत, आणि त्यांत महिलाही पाहिजे.

पथकलाकार म्हणजे काय ते नगरपंचायतीत कुणालाच ठाऊक नव्हतं. पुण्याहून सौरभ नावाचे सल्लागार बोलावले होते, त्यांनी समजावून सांगितलं, की रस्त्यावर उभं राहून जे कला दाखवतात ते पथकलाकार. तेव्हा सगळ्यांच्या डोक्यात उजेड पडला. ज्यांना आपण इतकी वर्षं चौकातून हुसकावत आलो, तेच हे. आता त्यांना शोधायला माणसं धाडली, तर फेब्रुवारी महिना. निम्मे कलाकार उसाच्या फडात. हलगीवाला, वासुदेव, नंदीबैलवाला, तुणतुण्यावर गाणारे दोघे भाऊ असं करत करत कसेबसे नऊ जण जमले. दहावा आश्रुबा.

त्याच्या आधी नियमावली तयार झाली होती. ती लिहिली होती लिपिक वीरेशनं. वीरेश हा बाजारपेठेतल्या चन्नप्पा किराणावाल्यांचा थोरला मुलगा. पस्तिशीचा, कपाळावर भस्माची बारीक रेघ, आणि अक्षर असं की मोत्याची माळ. तो दुकानात बसायचा तेव्हा तराजूत एक दाणा इकडचा तिकडं होऊ देत नसे, म्हणून बापानंच वैतागून त्याला सरकारी नोकरीला लावलं, असं पेठेतले लोक म्हणत. माणूस मात्र सरळ. लाच घेत नसे आणि नियमही सोडत नसे.

त्याच्या नियमावलीत बेचाळीस कलमं होती. पथकलाकारानं रस्त्यावर येऊ नये, हे पहिलं. बाजारतळावर पांढऱ्या फक्कीनं सहा फुटांच्या चौकटी आखलेल्या, त्यांतच उभं राहावं. हलगी हळू वाजवावी; किती हळू ते मोजायला यंत्र ठेवलेलं. नंदीबैलाला गुरांच्या दवाखान्याचा दाखला पाहिजे. वासुदेवाला संध्याकाळी सात ते आठची वेळ मिळाली. तो म्हणाला, माझी गाणी लोकांना झोपेतून उठवायची असतात. त्यावर वीरेशनं त्याला सांगितलं, की पहाटे महोत्सवाचं मैदान बंद असतं.

आश्रुबा अर्ज घेऊन गेला तेव्हा पहिली अडचण नावाची आली. परवान्याला रहिवासी दाखला लागतो, आणि आश्रुबाच्या दाखल्यावर नाव होतं ‘श्रीमती आश्रुबाई, स्त्री’. नऊ वर्षांपूर्वी वस्तीतली घरकुलं मंजूर झाली, तेव्हाच्या यादीत कुणीतरी त्याच्या नावाला एक ‘ई’ जोडली होती. एका अक्षरानं माणसाची बाई झाली. घरकुल आश्रुबाईचं, नळ आश्रुबाईचा, घरपट्टीची नोटीस आश्रुबाईला. चार वर्षांपासून त्यानं दुरुस्तीचा अर्ज दिला होता आणि चार वर्षांपासून तो अर्ज कुठल्यातरी टेबलावर होता. कोणत्या, ते कुणी सांगत नसे.

त्यानं वीरेशसमोर आपल्या पांढऱ्या मिशीवरून हात फिरवला आणि विचारलं, की मी तुमाला बाई दिसतो का. वीरेशनं मान वर करून नीट पाहिलं. मग म्हणाला, “आश्रुबामामा, तुमी पडला बहुरूपी. तुमची मिशी पुरावा म्हणून घेता येत न्हाई.”

परवाना आश्रुबाईच्या नावानं निघायचं ठरलं. नगरपंचायतीला ते सोयीचंच पडलं, कारण महिला कलाकाराची अट परस्पर भागली.

दुसरी अडचण सोंगाची. त्यासाठी छाननी समिती होती आणि तिचे अध्यक्ष होते नगरपंचायतीचे उपाध्यक्ष बिभीषणराव. अंगावर कडक पांढरे कपडे, बोटांत अंगठ्या, आणि समोरच्याचं बोलणं संपायच्या आत मान हलवायची सवय. सौरभ सर त्यांच्या उजव्या हाताला, वीरेश डाव्या हाताला टिपण घेत. आश्रुबा समोर उभा राहिला आणि चंद्रभागाबाई सोंगांचं गाठोडं घेऊन दाराशी बसली.

आश्रुबानं आधी फौजदाराचं नाव काढलं. वीरेशनं सांगितलं, वर्दी घालणं म्हणजे तोतयेगिरी, गुन्हा दाखल होईल. तलाठी म्हटलं तर तलाठ्यांची संघटना कामबंद करील. डॉक्टर म्हटलं तर डॉक्टरांची संघटना त्याहून मोठी. देवाचं सोंग काढलं तर कुणाच्या ना कुणाच्या भावना दुखावणार. नवरीची आई म्हटल्यावर सौरभ सर म्हणाले, पुरुषानं बाईची टिंगल केलेली आजकाल चालत नाही. वीरेशनं त्यांना हळूच आठवण करून दिली, की कागदोपत्री ही बाईच आहे. सौरभ सरांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, मग बाईनं बाईची टिंगल केलेली तर मुळीच चालत नाही. पुढाऱ्याचं नाव आश्रुबानं काढलंच नाही, एवढी अक्कल त्याला होती. शेवटी त्यानं मुकादम म्हटलं. बिभीषणराव राजकारणात यायच्या आधी वीस वर्षं मुकादम होते. ते नुसतं खिडकीबाहेर बघत राहिले. वीरेशनं आपल्या मनानंच फुली मारली.

आश्रुबाला घाम फुटला. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या गाठोड्यात काही उरलं नव्हतं. सौरभ सरांना तर त्याहून घाम फुटला, कारण दहावा गेला असता तर योजनाच गेली असती. तेव्हा दारातून चंद्रभागाबाई म्हणाली, “कुणालाच राग येणार न्हाई असं एक सोंग हाय की. साधा माणूस. अर्ज घेऊन तुमच्या दारात येतो तो.”

बिभीषणरावांनी वीरेशकडं पाहिलं. वीरेशनं कलमं चाळली, मागं गेला, पुढं गेला. मग म्हणाला, “बसतंय साहेब नियमात. सामान्य नागरिकाची संघटना न्हाई. आक्षेप घेणारं कुणी न्हाई.”

तसा ठराव झाला. श्रीमती आश्रुबाई यांस सामान्य नागरिकाचे सोंग सादर करण्यास परवानगी. वर्दी नाही, रंग नाही, चौकट क्रमांक नऊ. आणि कलम सतरानुसार, अधिकृत व्यक्तीनं सांगितल्याशिवाय चौकट सोडायची नाही.

घरी येऊन तालीम सुरू झाली, आणि आश्रुबाला कळेना की यात करायचं काय. आजवर प्रत्येक सोंगाला लपायला काहीतरी होतं. टोपी, काठी, पदर, पिशवीतली सुई. इथं तो स्वतःच्याच सदऱ्यात उघडा पडल्यासारखा उभा होता. चंद्रभागाबाईनं त्याला एकेक गोष्ट दाखवली. दारात चपला काढायच्या, आत मातीचीच जमीन असली तरी. मान थोडी खाली, पण डोळे साहेबाच्या हाताकडं. खुर्ची रिकामी दिसली तरी बसायचं नाही. बोलायच्या आधी घसा खाकरायचा आणि बोलायला लागलं की अर्ध्यावर थांबायचं, कारण साहेबाचा फोन वाजतो. मग तिनं फळीवरून कापडी पिशवी काढली आणि नावदुरुस्तीचे खरेच कागद त्याच्या हातात दिले. म्हणाली, खोटे कागद धरले तर हात खोटा दिसतो.

त्यानं ते सगळं करून दाखवलं. चपला काढल्या, वाकला, खाकरला, थांबला. चंद्रभागाबाई हसली नाही. ती उठून चुलीकडं गेली आणि बराच वेळ तिकडंच तोंड करून बसली. आश्रुबाला वाटलं सोंग जमलं नाही. त्यानं विचारलं, तर ती एवढंच म्हणाली, की लई जमलंय.

शुक्रवारी संध्याकाळी महोत्सव सुरू झाला. बाजारतळाच्या एका टोकाला मोठा मंच. त्यावर सौरभ सरांनी पुण्याहून आणलेलं पथक दिव्यांच्या झगमगाटात लोकनृत्य करत होतं. दुसऱ्या टोकाला, मुतारीच्या भिंतीजवळ, पथकलाकारांच्या चौकटी. मधोमध नगरपंचायतीची चार टेबलं: चौकशी, नोंदणी, मार्गदर्शन आणि तक्रार. टेबलांवर बसवलेली माणसं कार्यालयातलीच होती, कार्यालय सुटल्यावर पुन्हा जुंपल्यामुळं तोंडं पाडून बसलेली.

आश्रुबा नऊ नंबरात पिशवी घेऊन उभा राहिला. कुणी बघेना. माणसं यायची, वासुदेवाच्या मोरपिसांकडं बघायची, नंदीच्या शिंगांना हात लावायची आणि आश्रुबाला ओलांडून पुढं जायची. एका बाईनं त्याला भज्यांचा स्टॉल कुठं आहे ते विचारलं. एका गड्यानं आपली चप्पल सांभाळायला सांगितली. तासभर हेच. आश्रुबाचा चेहरा उतरला. खरा फौजदार समजून माणसं पळाली तेव्हा त्याला अभिमान वाटला होता. खरा सामान्य माणूस समजून कुणी ढुंकून बघेना, तेव्हा अभिमान वाटावा की रडू यावं, हे त्याला समजेना.

शेवटी त्यानं चौकटीच्या कडेशी येऊन चौकशीच्या टेबलाला नमस्कार घातला आणि घसा खाकरून सांगितलं, की नावदुरुस्तीचं काम होतं. टेबलावरच्या माणसाला सोंगाबिंगाची काही कल्पना नव्हती. त्यानं सवयीनं, मान वर न करता, सांगितलं की ते नोंदणीला जा.

अधिकृत व्यक्तीनं सांगितलं होतं. आश्रुबानं चौकट ओलांडली.

नोंदणीच्या टेबलापुढं त्यानं चपला काढल्या. उघड्या मैदानावर चपला काढणारा माणूस बघून दोन-चार जण थांबले. नोंदणीवाल्यानं कागद हातात घेतले आणि विचारलं, “अर्ज कुणाचा हाय? आश्रुबाईचा. मग बाई काहून आल्या न्हाईत?”

“मीच आलोय की साहेब.”

“तुमी कोण?”

“आश्रुबाई.”

नोंदणीवाल्यानं त्याच्याकडं पाहिलं, कागदाकडं पाहिलं, आणि हे आपलं काम नव्हे हे ताडून त्याला मार्गदर्शनाला पाठवलं. मार्गदर्शनवाल्यानं सांगितलं, बाईला समक्ष आणा. आश्रुबानं हात जोडून विचारलं, की ती कुठनं आणू, जरा मार्गदर्शन करा. तिथं पहिला हशा झाला. तक्रारवाल्यानं सांगितलं, की तक्रार करायची तर आधी चौकशीला जाऊन या. आश्रुबा फिरून पहिल्या टेबलाशी आला तेव्हा त्याच्या मागं तीसेक माणसं होती. चौकशीवाल्यानं पुन्हा मान वर न करता सांगितलं, की ते नोंदणीला जा.

बाजारतळावर असं हसू गावानं बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. टेबलावरच्या चौघांना कळेना लोक कशाला हसतायत, आणि ते जितके गंभीर होत गेले तितकी गर्दी वाढत गेली. आश्रुबा मात्र हसला नाही. प्रत्येक टेबलापुढं तो तितक्याच आशेनं चपला काढत होता, आणि ती आशा खोटी नव्हती. चार वर्षांत ही चार टेबलं त्याला एकाच ठिकाणी कधी सापडली नव्हती. न जाणो, एखादा चुकून सही करील.

शनिवारी लोक त्याची वाट बघत होते. काही जण घरून आपापले कागद घेऊन आले होते. कुणाच्या सातबाऱ्यावर दुसऱ्याचंच नाव होतं, एका म्हाताऱ्याला यादीत मयत दाखवलं होतं. आश्रुबा निघाला की ते त्याच्यामागं रांग धरून चालायचे आणि प्रत्येक टेबलापुढं चपला काढायचे. मंचासमोर खुर्च्या ओस पडल्या. पुण्याच्या पथकातल्या मुलीसुद्धा घुंगरं वाजवत खाली येऊन रांगेच्या कडेला उभ्या राहिल्या. सौरभ सर घायकुतीला येऊन बिभीषणरावांकडं गेले, आणि बिभीषणरावांनी टेबलांना निरोप धाडला, की त्या माणसाशी कुणी एक शब्द बोलायचा नाही.

मग आश्रुबा चौकशीच्या टेबलापुढं हात जोडून उभा राहिला आणि टेबलावरचा माणूस फोनमध्ये बघत बसला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. सगळा बाजारतळ चिडीचूप. आश्रुबा एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घ्यायचा, खाकरायचा, पुन्हा उभा. गर्दीत कुणाला तरी ते असह्य झालं आणि तो फिस्सकन हसला. मग जी लाट उठली ती आवरेना. बोलल्यावर लोक हसले होते त्याच्या दुप्पट ते या न बोलण्याला हसले, कारण हे दृश्य त्यांच्या जास्त ओळखीचं होतं.

बिभीषणरावांच्या ध्यानात आलं, की या माणसाला थांबवायचा एकच उपाय आहे: त्याचं काम करून टाकणं. नगरपंचायतीच्या इतिहासात हा उपाय आजवर कुणाला सुचला नव्हता.

रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला वीरेश वस्तीवर आला. आश्रुबा दारात दाढी करत होता. वीरेशच्या हातात एक नवा कोरा दाखला होता, सहीशिक्क्यासकट. ‘श्री. आश्रुबा, पुरुष’. आश्रुबानं साबणाचे हात धोतराला पुसले आणि कागद दोन्ही हातांनी धरला. वाचता त्याला जेमतेमच येत होतं, पण स्वतःचं नाव येत होतं. त्यानं ते बोट ठेवून दोनदा वाचलं आणि शेवटच्या अक्षरानंतर काही नाही याची खात्री करून घेतली. मग आत बायकोला हाक मारून म्हणाला, की ये, मी पुन्हा गडी झालो.

वीरेश बसायला तयार होईना. चंद्रभागाबाईनं चहा हातात दिला तेव्हा त्यानं उभ्यानंच सांगितलं, की सकाळी कपाट उघडून जुनी यादी काढली. सर्व्हे करणाऱ्यानं आश्रुबा असंच लिहिलं होतं. पक्की यादी करताना चूक झाली. पक्की यादी वीरेशच्या अक्षरात होती.

“वरच्या ओळीत गयाबाई होती, त्याच्या वरती सोनाबाई,” तो म्हणाला. “मला वाटलं सर्व्हेवाला ई लिहायला विसरला. मी दुरुस्त केलं, मामा.”

आश्रुबाला त्याच्यावर रागवावं असं वाटलं, पण समोरचा माणूस असा काही उभा होता, की जणू त्यानं नुकत्याच चपला काढल्यात. आश्रुबा म्हणाला, जाऊ द्या वीरेशअप्पा, हातून होतंय.

वीरेश तरीही हलेना. चहा संपला होता तरी कप हातात धरून होता. मग त्यानं उरलेलं सांगितलं. महोत्सवाचा परवाना आश्रुबाईच्या नावाचा आहे. आज अकरापासून त्या नावाचं कुणी बेलसुंब्यात राहत नाही. नवा परवाना काढायची मुदत गुरुवारीच संपली. म्हणजे संध्याकाळी आश्रुबाला चौकटीत उभं राहता येणार नाही.

चंद्रभागाबाईनं विचारलं, “हे बिभीषणरावाला ठावं होतं?”

“त्यांनीच सांगितलं, दुपारच्या आत दाखला पोचता करा.” मग तो म्हणाला, “नियम माझाच हाय, मावशी. त्यात खोट न्हाई.”

तो गेल्यावर आश्रुबा बराच वेळ अर्धी दाढी तशीच ठेवून बसला. चार वर्षं ज्याच्यासाठी खेटे घातले ते हातात होतं आणि त्याच्याच जोरावर त्याला हाकललं होतं. चंद्रभागाबाईनं पिशवीतला परवाना काढला, निरखून बघितला आणि आपल्या कमरेच्या चंचीत ठेवला.

संध्याकाळी दोघं प्रेक्षकांच्या दारानं आत गेली. नऊ नंबरच्या चौकटीभोवती दोन-तीनशे माणसं उभी होती. कर्ण्यावरून सांगण्यात आलं, की कलाकार आश्रुबाई आज येऊ शकत नाहीत, प्रेक्षकांनी मंचाकडं यावं. लोक कुरकुरत तिकडं सरकले. आश्रुबा बायकोसोबत मागच्या रांगेत खुर्चीवर बसला. खुर्चीवर बसून खेळ बघायची त्याला सवय नव्हती. पाय कुठं ठेवावेत ते कळेना.

समारोपाला जिल्ह्याच्या ठिकाणाहून एक मोठे साहेब पाहुणे म्हणून आले होते. बक्षिसांची पत्रं दोन दिवस आधीच छापून आली होती, आणि त्यांत योजनेच्या अटीप्रमाणं एक बक्षीस महिला पथकलाकाराला होतं. दहांत महिला एकच. सौरभ सरांनी सकाळचं काही ऐकलेलं नव्हतं. त्यांनी यादी वाचता वाचता मोठ्या उत्साहानं पुकारलं, “उत्कृष्ट महिला पथकलाकार, श्रीमती आश्रुबाई.”

बिभीषणरावांचा हात हवेत तसाच राहिला. पाहुणे टाळ्या वाजवून वाट बघू लागले. आश्रुबा सवयीनं उठला, आणि मंचाच्या पायऱ्यांशी उभ्या असलेल्या वीरेशनं त्याला दुरूनच नको म्हणून मान हलवली. आश्रुबा पुन्हा बसला. तोवर त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी झाली होती.

चंद्रभागाबाई डोक्यावरचा पदर सावरत मधल्या वाटेनं चालली होती. घाई नाही, गडबड नाही. पायऱ्यांशी वीरेशनं तिला अडवलं. परवाना बघितल्याशिवाय कुणाला वर सोडायचं नाही, हे कलम होतं. तिनं चंचीतून परवाना काढून त्याच्यापुढं धरला. चंद्रभागाबाई कोण हे वीरेशला चांगलं माहीत होतं. सकाळीच तिच्या हातचा चहा प्याला होता. त्यानं परवाना वाचला. नाव आश्रुबाई. लिंग स्त्री. त्यानं तिच्याकडं पाहिलं. मग वळून, बिभीषणरावांना ऐकू जाईल अशा आवाजात, म्हणाला, “नियमात बसतंय,” आणि बाजूला झाला.

पाहुण्यांनी तिला साडी, नारळ आणि बक्षिसाचं पत्र दिलं आणि दोन शब्द बोलायला सांगितलं. चंद्रभागाबाई आयुष्यात कधी गर्दीसमोर बोलली नव्हती. जे बोलायचं ते ती नवऱ्याच्या तोंडून बोलायची. तिनं माईक दोन्ही हातांनी धरला, लाटणं धरतात तसा.

“मी आश्रुबाई,” ती म्हणाली. “नऊ वर्सांपासून या गावात ऱ्हाते. घर माझ्या नावावर हाय, नळ माझ्या नावावर हाय. पर मला कुणी बघितलं न्हाई, माझ्या मालकानं सुद्दा न्हाई. आज सकाळी अकरा वाजता नगरपंचायतीनं मला मारून टाकलं. आन् आता बक्षीस दिलं. तवा हे मरणोत्तर धरा.”

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग पहिल्यांदा हसले ते यादीत मयत दाखवलेले आजोबा, आणि त्यांच्या मागून सगळं मैदान. पाहुण्यांना वाटलं हा सोंगाचाच भाग आहे. ते पोट धरून हसले आणि बिभीषणरावांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, काय कलाकार घडवलाय तुम्ही. पाहुणे हसतात म्हटल्यावर बिभीषणरावही हसले. चंद्रभागाबाई हसली नाही. ती खाली उतरेपर्यंत तिच्या तोंडावरची रेघ हलली नव्हती.

आश्रुबा मागच्या रांगेत डोळे पुसत होता. शेजारच्या माणसानं विचारलं, की तुमच्या कोण त्या, तर त्यानं सांगितलं, की आश्रुबाई.

पुढं सगळं रीतसर झालं. दहा पथकलाकार, पैकी महिला एक, असा अहवाल वर गेला. पेपरात बिभीषणरावांसोबत ज्येष्ठ महिला कलावंत आश्रुबाई यांचा फोटो आला. आश्रुबाची दुरुस्ती मात्र कायम राहिली. वीरेशनं तिला जावक क्रमांक टाकून ठेवला होता, तो कुणाला खोडता येईना. पुढच्या वर्षीच्या नियमावलीत एक कलम वाढलं, की सामान्य नागरिकाचे सोंग घेण्यास सक्त मनाई आहे. ते मसुद्यात लिहून द्यायला वीरेशनं नकार दिला, अशी पेठेत बोलवा होती. चन्नप्पांना विचारलं तर ते म्हणत, त्याचं तोच जाणे, कचेरीतलं तो घरी काही बोलत नाही.

उन्हाळ्यात नांदूरघाटहून जत्रा कमिटीचा माणूस आला. त्याला आश्रुबाई हवी होती. आश्रुबानं त्याला समजावून सांगायचा प्रयत्न केला, पण चंद्रभागाबाईनं मधेच सुपारी घेऊन टाकली. त्या रात्रीपासून नवी तालीम सुरू झाली, आणि या खेपेला समोर बसून बघायचं काम आश्रुबाकडं आलं. तिला दवाखान्यातला पांढरा कोट हवा होता. तो त्यानं जुन्या चादरीचा शिवला, बाह्या एकीपेक्षा एक लांब झाल्या.

नांदूरघाटात पहिल्याच दिवशी ती डॉक्टरीण होऊन गल्लीत शिरली. एका ओट्यावर बसलेल्या म्हातारीनं मनगट पुढं केलं आणि हसायच्या ऐवजी खरंच सांगायला लागली, की दोन महिने झाले रात्री छातीत धडधडतं, पोरगा-सून कारखान्यावरून आलेली न्हाईत. चंद्रभागाबाईनं सोंग मोडलं नाही. ती ओट्यावर टेकली, नाडी धरली आणि शेवटपर्यंत ऐकून घेतलं. आश्रुबा कंपाउंडर होऊन मागं उभा होता. त्याला पुढच्या घराची घाई झाली होती. तिनं न बघताच हातानं त्याला थांब म्हणून खुणावलं, आणि तो थांबला.